ऑल-सीझन टायर

ऑल-सीझन टायर किंवा बारमाही टायर हा मोटारगाडीच्या टायरचा एक प्रकार आहे. कोरड्या, ओल्या आणि काही प्रमाणात बर्फाळ रस्त्यावर वर्षभर न बदलता वापरता यावा, या हेतूने तो तयार केला जातो. उन्हाळी टायरची कोरड्या रस्त्यावरील पकड आणि हिवाळी टायरची थंडीतील लवचीकता यांचा त्यात मध्यम मार्ग साधलेला असतो. युरोप व उत्तर अमेरिकेत ही संज्ञा मुख्यतः बर्फ आणि थंडीच्या संदर्भात वापरली जाते. भारताच्या बहुतांश भागांत बर्फ पडत नाही. त्यामुळे येथे ‘सर्व ऋतू’ या शब्दांचा व्यवहारातील अर्थ वेगळा होतो. महाराष्ट्रातील बीड जिल्ह्यासारख्या भागात टायरला चाळीस अंशांपुढील उन्हाळा, अनियमित पण जोरदार पाऊस, काळ्या मातीचा चिखल आणि खड्डे यांना तोंड द्यावे लागते. जास्त शक्तीच्या, सात आसनी कौटुंबिक मोटारींसाठी टायर निवडताना तेथे बर्फाच्या चिन्हापेक्षा भारक्षमता, उष्णता सहन करण्याची क्षमता, ओल्या रस्त्यावरील पकड आणि टायरचे वय हे निकष महत्त्वाचे ठरतात.

== संज्ञा व वर्गीकरण ==

प्रवासी मोटारींच्या टायरचे ऋतुमानानुसार तीन मुख्य प्रकार मानले जातात.

* उन्हाळी टायर : यातील रबराचे मिश्रण उष्ण हवेत आकार टिकवून ठेवते. तापमान सुमारे ७ अंश सेल्सियसच्या खाली गेल्यावर ते कडक होऊ लागते व पकड कमी होते.
* हिवाळी टायर : यातील मिश्रण थंडीतही मऊ राहते. नक्षीच्या ठोकळ्यांवर बारीक चिरा असतात आणि त्या बर्फाला धरून ठेवतात. उष्ण हवामानात हे टायर लवकर झिजतात व ब्रेक लावल्यावर गाडी थांबण्याचे अंतर वाढते.
* ऑल-सीझन टायर : वरील दोन्ही प्रकारांचे काही गुण यात एकत्र केलेले असतात. टोकाच्या परिस्थितीत तो या दोहोंपैकी कोणाचीही बरोबरी करू शकत नाही.

टायरच्या बाजूवरील ‘एम+एस’ हे चिन्ह चिखल व बर्फ यांचा निर्देश करते. ते प्रामुख्याने नक्षीतील खाचांच्या रचनेवर आधारित आहे. तीन शिखरे व हिमकण यांचे चिन्ह मात्र बर्फावरील प्रत्यक्ष चाचणी उत्तीर्ण झालेल्या टायरलाच मिळते. जर्मनीत हिवाळी परिस्थितीत वाहन चालवताना १ ऑक्टोबर २०२४ पासून केवळ ‘एम+एस’ चिन्ह पुरेसे मानले जात नाही. तीन शिखरांचे चिन्ह असलेले टायर आवश्यक असतात.

वापराच्या रस्त्यानुसारही एक वर्गीकरण केले जाते. एसयूव्ही प्रकारच्या गाड्यांसाठी महामार्गावरील एचटी, मिश्र वापराचे एटी आणि चिखलासाठीचे एमटी असे टायर मिळतात. हे वर्गीकरण ऋतुमानाच्या वर्गीकरणापेक्षा वेगळे आहे. एखादा एटी टायर बर्फाच्या चाचणीत उत्तीर्ण झालेला असू शकतो किंवा नसूही शकतो.

== इतिहास ==

अमेरिकेतील गुडइयर कंपनीने १९७७ मध्ये ‘टिएम्पो’ हा ऑल-सीझन रेडियल टायर बाजारात आणला. हिवाळ्यापूर्वी टायर बदलण्याचा खर्च व त्रास वाचत असल्याने हा प्रकार उत्तर अमेरिकेत लोकप्रिय झाला. पुढे रबराच्या मिश्रणात सिलिकाचा वापर वाढला. त्यामुळे ओल्या रस्त्यावरील पकड आणि इंधनाची बचत हे परस्परविरोधी मानले जाणारे गुण काही प्रमाणात एकत्र आणता आले. मिशेलिनने २०१५ मध्ये सादर केलेल्या ‘क्रॉसक्लायमेट’ मालिकेत उन्हाळी टायरच्या गुणांना हिवाळी प्रमाणनाची जोड देण्यात आली.

महाराष्ट्रात टायर उद्योग जुना आहे. सिएट या मूळच्या इटालियन कंपनीचे भारतातील कामकाज १९५८ मध्ये सुरू झाले आणि मुंबईतील भांडुप येथे तिचा कारखाना उभा राहिला. छत्रपती संभाजीनगरजवळील वाळूज येथे गुडइयरचा, तर पुणे जिल्ह्यातील चाकण येथे ब्रिजस्टोनचा कारखाना आहे.

== रचना व कार्य ==

टायरचा रस्त्याला टेकणारा भाग साधारण तळहाताएवढा असतो. गाडीचा वेग वाढवणे, वळवणे व थांबवणे ही सर्व कामे अशा चार तळहातांवर अवलंबून असतात. इंजिनाची शक्ती कितीही असली, तरी टायरची पकड जेवढी असेल तेवढेच बल रस्त्यावर उतरते.

ब्रेक लावल्यानंतर गाडी थांबण्याचे अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते आणि घर्षणाच्या प्रमाणात कमी होते. ताशी १०० किमी वेगाने जाणारी गाडी ०.८ घर्षणांकाच्या कोरड्या रस्त्यावर सुमारे ४९ मीटरमध्ये थांबते. पावसामुळे घर्षणांक ०.५ वर आला तर हेच अंतर सुमारे ७९ मीटर होते. चालकाला प्रतिक्रियेसाठी एक सेकंद लागला, तर त्यात आणखी २८ मीटरची भर पडते.

नक्षीतील खाचा टायरखालचे पाणी बाहेर टाकतात. वेग जास्त, पाणी खोल आणि खाचा उथळ असतील, तर पाणी बाजूला जाण्याआधीच टायर त्यावर चढतो व रस्त्यापासून सुटतो. याला ॲक्वाप्लेनिंग म्हणतात. या अवस्थेत स्टीअरिंग व ब्रेक दोन्ही जवळजवळ निष्प्रभ होतात. प्रवासी मोटारीच्या नव्या टायरची खाच साधारण ८ मिमी खोल असते. झीज होत जाते तसतसा हा धोका वाढतो.

== भारतातील स्थिती ==

भारतात विकले जाणारे बहुतेक टायर वर्षभर एकाच गाडीवर राहतात. त्या अर्थाने ते ‘बारमाही’ असले, तरी युरोपीय व्याख्येतील ऑल-सीझन टायर असतातच असे नाही. त्यांपैकी बहुतेकांचे गुणधर्म उन्हाळी टायरच्या जवळचे असून पावसाचा विचार करून त्यांच्या खाचा आखलेल्या असतात. जून २०२० मध्ये केंद्र सरकारने नव्या टायरची आयात निर्बंधित गटात टाकली. त्यानंतर परदेशी नाममुद्रांच्या टायरची निवड देशांतर्गत उत्पादनावर अधिक अवलंबून राहू लागली.

काश्मीर, लडाख किंवा हिमाचल प्रदेशातील उंच भागांत हिवाळी गुणधर्मांचा उपयोग होतो. महाराष्ट्रात मात्र बर्फावरील पकडीसाठी जास्त किंमत मोजण्याचे कारण उरत नाही. थंडीसाठी मऊ ठेवलेले मिश्रण तापलेल्या रस्त्यावर लवकर झिजण्याचीही शक्यता असते.

== बीड जिल्ह्यातील परिस्थिती ==

=== हवामान ===

बीड जिल्हा मराठवाड्यात, पर्जन्यछायेच्या प्रदेशात येतो. एप्रिल व मे महिन्यांत कमाल तापमान अनेकदा ४० अंश सेल्सियसच्या वर जाते. भर दुपारी डांबरी रस्त्याचा पृष्ठभाग हवेपेक्षाही बराच अधिक तापतो. हिवाळ्यात थंडीच्या लाटेत पारा १० अंशांच्या आसपास किंवा खाली येतो, परंतु हिमवर्षाव होत नाही. पाऊस मुख्यतः जून ते सप्टेंबर या काळात पडतो. दोन पावसांमध्ये मोठा खंड पडणे हे येथील वैशिष्ट्य आहे. कोरड्या काळात रस्त्यावर धूळ, तेल व रबराचे कण साचतात. खंडानंतरच्या पहिल्या सरीत त्यांचा निसरडा थर तयार होतो. त्यामुळे वार्षिक पर्जन्यमान कमी असूनही ओल्या रस्त्यावरील पकडीचे महत्त्व येथे कमी होत नाही.

=== रस्ते व वाहतूक ===

जिल्ह्यात बीड, गेवराई, माजलगाव, वडवणी, धारूर, केज, अंबाजोगाई, परळी, पाटोदा, आष्टी आणि शिरूर कासार हे अकरा तालुके आहेत. धुळे–सोलापूर हा राष्ट्रीय महामार्ग क्र. ५२ चा भाग गेवराई, बीड, मांजरसुंबा व चौसाळा या मार्गाने जिल्ह्यातून जातो. राष्ट्रीय महामार्ग क्र. ६१ गढी व माजलगाव परिसरातून परभणीकडे जातो. दक्षिणेकडील बालाघाटच्या डोंगररांगेत घाटरस्ते आहेत.

बीड शहराला रेल्वे सेवा सप्टेंबर २०२५ मध्ये, अहिल्यानगर–बीड मार्ग सुरू झाल्यावर मिळाली. त्यापूर्वी शिक्षण, उपचार किंवा नोकरीसाठी पुणे व छत्रपती संभाजीनगरकडे जाणारी वाहतूक प्रामुख्याने रस्त्यावरच अवलंबून होती. त्यामुळे एकाच गाडीला एका दिवसात चौपदरी महामार्ग, घाट, गावातील सिमेंट रस्ता आणि शेताकडे जाणारी पांदण अशा चार प्रकारच्या पृष्ठभागांवरून धावावे लागते.

काळी माती ओली झाल्यावर फुगते व वाळल्यावर भेगाळते. तिच्यावर बांधलेल्या रस्त्यांवर उंचवटे व खड्डे पडण्याचे हे एक कारण आहे. पावसाळ्यात ही माती टायरच्या खाचांत घट्ट बसते. अशी गाडी पांदणीतून डांबरी रस्त्यावर आल्यावर चिखल झडेपर्यंत पकड कमी राहते.

ऊस गाळपाच्या हंगामात, म्हणजे साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत, रस्त्यावर ऊस भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या आणि बैलांच्या टायरगाड्या असतात. पाठीमागे दिवे किंवा परावर्तक नसलेले वाहन रात्री उशिरा दिसते. अशा वेळी गाडी थांबण्याचे अंतर काही मीटरने कमी होणेही निर्णायक ठरते.

=== समृद्धी महामार्गाचा संदर्भ ===

नागपूर–मुंबई समृद्धी महामार्ग ७०१ किमी लांबीचा आहे. त्याचा नागपूर–शिर्डी हा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी आणि इगतपुरी–आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. तो बीड जिल्ह्यातून जात नाही. मात्र शेजारच्या जालना व छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यांतून जात असल्याने बीडमधील प्रवासीही त्याचा वापर करतात. मोटारींसाठी तेथील वेगमर्यादा ताशी १२० किमी आहे. सिमेंटच्या तापलेल्या पृष्ठभागावर तासन्‌तास एकाच वेगाने धावताना कमी हवेचे, जुने किंवा गुळगुळीत झालेले टायर फुटण्याचा धोका वाढतो. या मार्गावरील अपघातांनंतर परिवहन विभागाने प्रवेशस्थानांवर टायरची तपासणी सुरू केली आणि झिजलेल्या टायरच्या वाहनांना परत पाठवण्यास सुरुवात केली.

प्रत्येक अपघाताचे कारण टायर असतेच असे नाही. १ जुलै २०२३ रोजी बुलढाणा जिल्ह्यातील सिंदखेडराजाजवळ खासगी बसला झालेल्या अपघातात २५ प्रवाशांचा मृत्यू झाला. टायर फुटल्याने अपघात झाल्याचे सुरुवातीला सांगण्यात आले होते, परंतु प्रादेशिक परिवहन कार्यालयाच्या अहवालात त्याला दुजोरा मिळाला नाही.

== टायरवरील खुणा ==

टायरच्या बाजूवर छापलेली माहिती निवडीसाठी पुरेशी असते. उदाहरणार्थ, ‘२३५/६५ आर१७ १०४ एच’ या खुणेचा अर्थ पुढीलप्रमाणे लावतात. २३५ / ६५ आर१७ हे माप महिंद्रा एक्सयूव्ही ७००, टाटा हॅरियर व सफारी यांच्या काही आवृत्त्यांवर आढळते.

* २३५ : टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये.
* ६५ : बाजूची उंची, रुंदीच्या टक्केवारीत. येथे ती सुमारे १५३ मिमी येते.
* आर : रेडियल रचना.
* १७ : रिमचा व्यास इंचांत.
* १०४ : भारांक. योग्य हवा असताना एका टायरची कमाल भारक्षमता ९०० किलो.
* एच : वेगचिन्ह. ताशी २१० किमीपर्यंत.

भारांक ९१ म्हणजे ६१५ किलो, ९५ म्हणजे ६९०, १०० म्हणजे ८०० आणि १०८ म्हणजे १,००० किलो. वेगचिन्हांत एस १८०, टी १९०, एच २१०, व्ही २४० आणि डब्ल्यू २७० किमी प्रतितास दर्शवते.

‘डॉट’ या अक्षरांनंतरच्या मालिकेतील शेवटचे चार अंक उत्पादनाचा आठवडा व वर्ष सांगतात. ‘३५२३’ म्हणजे २०२३ चा पस्तिसावा आठवडा. काही टायरवर अमेरिकी पद्धतीची श्रेणीही असते. त्यात झिजेचा अंक, ओल्या पृष्ठभागावरील पकडीची एए ते सी श्रेणी आणि उष्णता सहन करण्याची ए ते सी श्रेणी दिलेली असते. मराठवाड्यातील उन्हाळ्याचा विचार करता उष्णतेची ‘ए’ श्रेणी अधिक योग्य ठरते. झिजेचा अंक वेगवेगळ्या कंपन्यांच्या टायरची काटेकोर तुलना करण्यास पुरेसा नसतो.

== शक्तिशाली कौटुंबिक मोटारीसाठी निवड ==

=== भार व वेग ===

सात आसनी गाडीचे इंजिन शक्तिशाली असले, तरी टायरवरील मोठा ताण बहुधा प्रवासी व सामानाच्या वजनातून येतो. पूर्ण भारासह २,५०० किलो वजनाच्या गाडीला भारांक १०४ चे चार टायर लावल्यास एकूण क्षमता ३,६०० किलो होते. भारांक ९५ चे टायर लावल्यास ती २,७६० किलोवर येते. कागदावर ही क्षमता पुरेशी दिसते, परंतु वजन चारही चाकांवर समान नसते. वळण, ब्रेक व खड्डा यांच्या वेळी एका चाकावरील भार क्षणभर बराच वाढतो. म्हणून गाडीच्या कंपनीने सांगितलेल्या भारांकापेक्षा कमी भारांकाचा टायर घेऊ नये.

वेगचिन्हाबाबतही हाच नियम लागू होतो. ताशी १२० किमीच्या मर्यादेपुढे हे अंक अनावश्यक वाटतात, पण वेगचिन्ह उष्णता सहन करण्याच्या क्षमतेचेही निदर्शक असते.

=== मापातील बदल ===

दिसण्यासाठी मोठे रिम व कमी उंचीचे टायर बसवण्याची पद्धत आहे. २३५/६५ आर१७ या टायरचा एकूण व्यास सुमारे ७३७ मिमी आणि २३५/६० आर१८ चा सुमारे ७३९ मिमी असतो. दोन्ही मापे जवळजवळ सारखी असल्याने वेगमापक योग्य राहतो. २५५/६० आर१८ लावल्यास व्यास सुमारे ७६३ मिमी होतो. तेव्हा वेगमापकाने ताशी १०० किमी दाखवलेला वेग पूर्वीच्या मापाच्या तुलनेत साडेतीन टक्क्यांनी अधिक असतो.

२० इंचांच्या रिमवरील २३५/५० मापात बाजूची उंची सुमारे ११८ मिमी उरते. खड्ड्यात आपटल्यावर रिम व रस्ता यांच्यामध्ये कमी उंचीची बाजू चिमटली जाते. त्यामुळे आतील धागे तुटून बाहेर फुगा येतो. असा टायर पंक्चर काढून दुरुस्त होत नाही. तो बदलावा लागतो. खड्डेमय रस्त्यांसाठी कंपनीने मान्य केलेल्या मापांपैकी अधिक उंच बाजूचे माप सोयीचे ठरते.

=== एचटी की एटी ===

गाडीचा बहुतांश प्रवास महामार्गावर होत असल्यास एचटी टायर योग्य असतात. ते कमी आवाज करतात, इंधन वाचवतात आणि ओल्या डांबरावर सामान्यतः कमी अंतरात गाडी थांबवतात. पावसाळ्यात शेतापर्यंत नियमितपणे जाणाऱ्या गाडीसाठी एटी टायर उपयुक्त असतात. त्यांच्या रुंद खाचांतून चिखल लवकर निघतो व दगडांमुळे बाजू फाटण्याचा धोका कमी असतो. याच्या बदल्यात आवाज व इंधनाचा खप वाढतो, तसेच ओल्या डांबरावरील पकड काही वेळा घटते. वर्षातून चार-दोन वेळा पांदणीत जाण्यासाठी एटी टायर घेणे म्हणजे उरलेल्या प्रवासातील सुरक्षितता काही अंशी कमी करणे ठरू शकते.

=== दोनच टायर बदलताना ===

चारही टायर एकाच प्रकारचे असणे उत्तम. दोनच नवे घ्यायचे असल्यास ते मागील चाकांवर लावावेत, अशी शिफारस टायर उत्पादक करतात. मागील पकड सुटल्यास गाडी गिरकी घेते आणि सामान्य चालकाला ती सावरणे अवघड जाते. पुढील चाकांना गती देणाऱ्या गाड्यांसाठीही हाच नियम आहे.

== कायदेशीर तरतुदी ==

प्रवासी मोटारींच्या टायरसाठी भारतीय मानक ब्युरोचे आयएस १५६३३ हे मानक असून त्यावर आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे. टायरच्या स्थितीविषयीची तरतूद केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ९४ मध्ये आहे. मोटारींच्या टायरची खाच किमान १.६ मिमी खोल असावी लागते.

रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्रालयाने २८ जून २०२२ च्या अधिसूचनेद्वारे लोळण-रोध, ओल्या रस्त्यावरील पकड आणि धावतानाचा आवाज यांचे निकष लागू केले. हे निकष एआयएस-१४२ या मानकात दिलेले आहेत. नव्या रचनेच्या टायरना ते १ ऑक्टोबर २०२२ पासून लागू झाले. आधीपासून उत्पादनात असलेल्या टायरना पहिले दोन निकष १ एप्रिल २०२३ पासून आणि आवाजाचा निकष १ जून २०२३ पासून लागू झाला.

२०२० मधील दुरुस्तीनुसार ट्यूबलेस टायर, हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि दुरुस्ती संच असलेल्या प्रवासी मोटारींना स्टेपनी नसली तरी चालते. मात्र बाजू फाटलेल्या टायरवर दुरुस्ती संच निरुपयोगी ठरतो. त्यामुळे ग्रामीण भागात लांबचा प्रवास करणाऱ्यांच्या दृष्टीने स्टेपनीचे महत्त्व टिकून आहे.

== देखभाल व आयुर्मान ==

हवेचा दाब टायर थंड असताना, म्हणजे गाडी काही तास उभी राहिल्यानंतर तपासतात. योग्य आकडा चालकाच्या दाराजवळच्या पट्टीवर किंवा गाडीच्या पुस्तिकेत असतो. टायरच्या बाजूवर लिहिलेला आकडा हा कमाल दाब असतो. पूर्ण आसने भरून जाताना बहुतेक गाड्यांना, विशेषतः मागील चाकांत, अधिक हवा लागते.

हवा कमी असल्यास टायरची बाजू प्रत्येक फेऱ्यात अधिक वाकते व आत उष्णता साठते. रबर व पोलादी पट्टे यांची जोड सुटून टायर फुटण्याचे हे एक प्रमुख कारण आहे. ‘उन्हाळ्यात हवा कमी ठेवावी’ हा समज त्यामुळे धोकादायक आहे. थंड टायरमध्ये १५ अंशांना ३३ पीएसआय हवा असेल, तर तो ४० अंशांना तापल्यावर दाब सुमारे ४ पीएसआयने वाढतो. ही वाढ अपेक्षित असते. प्रवासात गरम टायरमधील हवा काढून टाकल्यास तो थंड झाल्यावर दाब कमी पडतो.

नायट्रोजन भरल्यास दाब काहीसा हळू उतरतो. साध्या हवेतही सुमारे ७८ टक्के नायट्रोजनच असल्याने नियमित तपासणीला तो पर्याय होत नाही.

कायदेशीर मर्यादा १.६ मिमी असली, तरी पावसाळ्यातील वापरासाठी खाच ३ मिमीपर्यंत आल्यावरच टायर बदलण्याचा सल्ला अनेक तज्ज्ञ देतात. टायर बदलण्याचे नियोजन जूनपूर्वी केल्यास नव्या खाचांचा लाभ पहिल्या पावसापासून मिळतो.

ऊन व उष्णतेमुळे रबर वापर नसतानाही जुने होते. पाच वर्षांनंतर दरवर्षी तज्ज्ञाकडून तपासणी करावी आणि नक्षी शिल्लक असली तरी दहा वर्षांनंतर टायर वापरू नये, अशी काही उत्पादकांची शिफारस आहे. हा नियम स्टेपनीलाही लागू होतो. खरेदीच्या वेळी उत्पादनाचा आठवडा पाहणे आणि बसवल्यानंतर बॅलन्सिंग व अलाइनमेंट करून घेणे आवश्यक असते.

== मर्यादा ==

ऑल-सीझन टायर ही तडजोड आहे. हिमाच्छादित घाटात तो हिवाळी टायरइतका आणि तापलेल्या कोरड्या रस्त्यावर चांगल्या उन्हाळी टायरइतका कार्यक्षम नसतो. एबीएस व स्थिरता नियंत्रणासारख्या यंत्रणा उपलब्ध पकडीचा योग्य वापर करतात; नवी पकड निर्माण करत नाहीत. ऊस वाहतुकीच्या हंगामातील रात्र, पहिल्या सरीनंतरचा निसरडा रस्ता किंवा घाटातील वळण अशा ठिकाणी वेग कमी करणे हाच मुख्य उपाय राहतो.

== हे सुद्धा पहा ==

* टायर
* रेडियल टायर
* बीड जिल्हा
* समृद्धी महामार्ग
* राष्ट्रीय महामार्ग ५२